आम्हाला सूट नको!

आधी चहा अर्धा पिऊन घ्या. नाहीतर मधेच हसाल आणि तो माझ्याच शर्टावर उडेल. हसायला माझी हरकत नाही हं! अख्खं नाशिक कोर्ट हसून दमलंय. तुम्ही चौघंच तेवढे राहिलायत, म्हणून बोलावलं.

तर मी पडलो वकील. पगारे वकील. कामं सगळी दिवाणी. बांधाचं भांडण, भावाभावांची वाटणी, घर न सोडणारा भाडेकरू. शिवाय मी आमच्या वकील संघाच्या कायदा अभ्यास समितीचा निमंत्रक. केवढं भारदस्त वाटतं ना? मलाही वाटायचं.

ही समिती काय करते? सरकारनं नवीन विधेयक आणलं, कोर्टाचा एखादा नियम बदलायचा ठरला, की मसुदा आमच्याकडे येतो. 'हरकती व सूचना पाठवा.' मग आम्ही त्याचा अभ्यास करून संघाची भूमिका ठरवतो. आता आमच्या भूमिका किती? तर दोनच. तीव्र विरोध आणि अतितीव्र विरोध. पाठिंबा द्यायचा म्हटलं की मसुदा वाचावा लागतो. विरोधाला ती अट नाही.

खोटं वाटतंय? अहो, वकिलांनी ऊठसूट मुदतवाढ मागू नये असा एक मसुदा आला होता. त्याला विरोध नोंदवायला आम्ही मुदतवाढ मागितली होती!

त्यात संघाच्या निवडणुका तोंडावर आलेल्या. मला उपाध्यक्ष व्हायचं होतं. उपाध्यक्ष व्हायचं तर एखादा लढा हवा. आणि लढा काही केल्या मिळत नव्हता. सगळं कसं शांत! झोप लागेना हो.

आणि एक दिवस सकाळी, इंदिरानगरला घरी बसून मी मेथी निवडत होतो, तेव्हा फोन वाजला. राज्य पातळीवरच्या आमच्या संस्थेचा निरोप. मी मोठ्यानं वाचला.

'वकिलांच्या पोशाख नियमांत दुरुस्तीचा मसुदा. जिल्हा व तालुका न्यायालयांतील वकिलांना वर्षभर सूट. हरकती व सूचना पाठवाव्यात.'

मेथीची जुडी हातातून पडली. वर्षभर सूट!

आता माझी परिस्थिती समजून घ्या. गेल्याच महिन्यात मेव्हण्याच्या लग्नात सासरच्यांनी मला सूट चढवला होता. वेस्टकोटासकट! मंगलाष्टकं संपेस्तोवर मी श्वास फक्त आत घेत होतो, बाहेर सोडायला जागाच नव्हती. शेवटी 'सावधान' म्हणताना एक बटण जे सुटलं ते थेट भटजींच्या पळीपात्रात. त्या जखमेवर अजून खपली धरली नव्हती, आणि हे म्हणतात वर्षभर सूट?

आमचा सध्याचा पोशाख म्हणजे वर काळा कोट, गळ्यात पांढरी पट्टी. बाकी सगळा कारभार स्वतंत्र. कोट लग्नाआधीचा, पॅंट परवाची, दोघांचा काळा रंग एकमेकांना ओळखतसुद्धा नाही. आणि उन्हाळ्यात खालच्या कोर्टांत तो कोटही नसला तरी चालतं. आम्ही त्याला 'कोट माफ' म्हणतो. असं सगळं सुखानं चाललेलं असताना बारा महिने सूट?

"सुनंदा, हे बघ! आता आम्हाला सुटात बसवायला निघालेत!"

सुनंदा, म्हणजे माझी बायको, शाळेत मराठी शिकवते. तिनं डबा भरता भरता विचारलं, "खाली मसुदा जोडलाय ना? उघडून बघा की."

"इंग्रजीत आहे. आणि लांबलचक आहे."

"तुम्ही वकील आहात ना?"

"म्हणूनच सांगतो, त्यात बघण्यासारखं काही नसतं."

तिनं डब्याचं झाकण जरा जोरात लावलं. आमच्या घरात याला वेगळं मत नोंदवणं म्हणतात.

दुपारच्या सुटीत मी बार रूममध्ये कार्यकारिणी बोलावली. आमचे अध्यक्ष भामरे, सटाण्याकडचे. माणूस दिलदार, आवाज असा की साक्षीदार आपोआप खरं बोलतो. त्यांनी विचारलं, "पगारे, काय भानगड?"

मी उभा राहिलो. आणि काय बोललो हो! माझं मलाच भरून आलं.

"मित्रहो, बारा महिने सूट! एप्रिलच्या उन्हात सूट! कोर्टाच्या जिन्यावर आपण सगळे नवरदेवासारखे उभे! पण माझं सोडा. मी कसाही शिवीन. सुरगाण्याहून एसटीनं येणारा ज्युनियर कुठून आणणार सूट? ज्याच्या हातात महिनाअखेर पेट्रोलला पैसे नसतात, त्यानं वेस्टकोट शिवायचा? हा नियम गरीब वकिलाला कोर्टाबाहेर काढण्याचा डाव आहे!"

भामरेंनी टेबलावर मूठ आपटली. पाण्याचे पेले उडाले. "बरोबर शे! आपलाले इचारं का कोनी?"

"नाही विचारलं!" सगळे ओरडले.

"मसुदा वाचला का कुणी?" एकानं हळूच विचारलं.

"पगारेंनी वाचलाय ना!" दुसरा म्हणाला.

मी मान हलवली. नीट लक्षात घ्या, मी हो म्हणालो नाही. मान हलवली. वकील आहे मी.

आणि तिथल्या तिथे, एकमतानं, टाळ्यांच्या कडकडाटात ठराव झाला. भाषा माझी. 'जिल्हा व तालुका न्यायालयांतील वकिलांना वर्षभर सूट देण्याच्या प्रस्तावास या संघाचा अतितीव्र विरोध आहे. आम्हाला सूट नको.' संध्याकाळच्या आत ठराव मुंबईला रवाना. आमच्या संघाचं कुठलंच काम इतक्या वेगानं झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बिल्ले छापून आणले. गोल, पिवळे, वर लाल अक्षरांत 'सूट नको!' सगळ्यांनी कोटावर लावले. कोर्टाचं आवार नुसतं पिवळं झालं.

पहिला फटका बसला तो माझ्याच पक्षकाराकडून. चांदवडचे बाळूतात्या. दोन चाळी भरून कांदा निघेल एवढी शेती, आणि शेजाऱ्याशी बांधावरून जन्माचं वैर. तात्यांनी बिल्ला वाचला, पुन्हा वाचला, आणि टोपी काढून हातात घेतली.

"साहेब, आता फीमधी अजिबात सूट नाय म्हना की."

"अहो तात्या, ते तसलं नाही."

"समद्या वकिलांनी मिळून ठरवलंय जनू. छापूनच आनलंय!"

"तात्या, ही आमची कोर्टाच्या नियमाबद्दलची भूमिका आहे."

"भूमिका आसंल. पन मंग मी तुमचं लय जुनं गिऱ्हाईक म्हनून काय कमीजास्त?"

त्या दिवशी दुपारपर्यंत निम्म्या बारचे पक्षकार तोंड पाडून बसले होते. एकानं तर समोरच्या झेरॉक्सवाल्यालाच विचारलं, 'सूट देणारा वकील कुठं बसतो?' शहाण्या माणसानं इथंच ओळखलं असतं की या शब्दात काहीतरी गोम आहे. मी काय केलं? बिल्ल्यांची दुसरी खेप छापली.

मग पेपरात बातमी आली. 'सूट नको! नाशिकचे वकील ठाम.' खाली माझा फोटो. मूठ वळलेली, डोळे अर्धे मिटलेले, पण एकूण बाणेदार. खाली बातमी चांगली हातभर होती. मी मथळा वाचला, फोटो पाहिला, फोटो पुन्हा पाहिला आणि कात्रण कापून ठेवलं. बातमी? बातमी आपल्याचबद्दल असली की ती काय वाचायची!

त्याच दिवशी गायधनी काका मला शोधत आले. काका म्हणजे आमच्या कोर्टातले सगळ्यात ज्येष्ठ वकील. घराणं गोदाकाठच्या उपाध्यायांचं, पण काकांनी पौरोहित्य सोडून वकिली धरली आणि ती पूजेसारखीच केली. मे महिन्यात, डांबर वितळत असताना, गळ्यापर्यंत बटणं लावून काळा कोट घालणारे अख्ख्या जिल्ह्यात ते एकटेच. कोट माफ असला तरी!

काकांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. डोळ्यांत पाणी.

"पगारे, तुम्ही पेशाची शान राखलीत."

"काका, मी काय विशेष केलं?"

"आजकाल जो तो सूट मागतो. तुम्ही ताठ मानेनं नको म्हणालात! मला वाटलं होतं, माझ्यानंतर असं म्हणणारा कुणी उरणार नाही."

मला जरा चमत्कारिक वाटलं. जो तो सूट मागतो? कोण मागतो? पण माणूस रडत असताना उलटतपासणी घेऊ नये, एवढं मला कळतं. मी वाकून नमस्कार केला. मनात म्हटलं, ज्येष्ठांची मतं आली. उपाध्यक्षपद खिशात!

आणि त्या दिवशी संध्याकाळी कविता आली.

कविता गांगुर्डे. माझी जुनी ज्युनियर. माझ्याच हाताखाली तिनं पहिला दावा लिहिला, आणि त्यात माझ्या दोन चुका काढल्या. आता इगतपुरीला स्वतंत्र काम करते, नाशिकलाही येते. हुशार पोरगी, आणि बोलायला सरळ. कार्यकारिणीच्या बैठकीला ती नव्हती, तिकडे तिच्या एका दाव्यात साक्षी चालू होत्या. मी फायली आवरत होतो. ती दारातच उभी राहिली, आत येईना.

"सर, सूट नको हा ठराव तुम्ही लिहिलात?"

"अर्थात! वाचलास? कसा झालाय?"

"सर, गेल्या पावसाळ्यात मी महिनाभर खोकत होते. उलटतपासणी घेता येत नव्हती. तुम्हीच मला डॉक्टरकडे पाठवलंत. आणि आता तुम्हीच सूट नको म्हणताय?"

"अगं, म्हणूनच तर! इगतपुरीचा तो पाऊस, आणि त्यात सूट? विचार तरी कर!"

"विचार केला म्हणूनच मागणी केली ना."

मी फाईल खाली ठेवली. "मागणी? तू केलीस?"

"मी आणि आमच्या तालुक्याच्या बारनं. वर्षभर पाठपुरावा केला, तेव्हा कुठे हा मसुदा निघाला."

मला धक्काच बसला हो! मी तिच्याकडे बघतच राहिलो. साधी सुती साडी नेसणारी मुलगी. हिला सुटाची हौस? म्हटलं, मोबाइलवर बघून बघून पोरांची डोकी फिरलीत. जरा कडक आवाजात बोललो.

"कविता, तुला हौस असेल तर घरी कर. बाकीच्या गरीब पोरांवर कशाला लादतेस?"

"हौस?" तिचा चेहरा उतरला. "सर, निवडणुकीसाठी तुम्ही गप्प बसाल असं मला वाटलं होतं. ज्येष्ठांची मतं मिळवायला उलटेच फिराल असं नव्हतं वाटलं."

आणि गेली. चहासुद्धा न घेता. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

ते मात्र मला लागलं. रात्री जेवताना सुनंदाला सांगितलं. ती म्हणाली, "कविता उगाच बोलायची नाही. तो मसुदा एकदा उघडा." मी म्हटलं, "उद्या." तुम्हाला सांगतो, वकिलाच्या तोंडात 'उद्या' हा शब्द असा सहज बसतो! ते उद्या काही उजाडलं नाही. उजाडली ती थेट सुनावणी.

झालं असं की राज्यभरातून भूमिका गेल्या, त्यात आमची एकटीच वेगळी. म्हणून मुंबईहून त्या संस्थेची समिती आमचं म्हणणं ऐकायला नाशिकला आली. समितीच्या अध्यक्षा उच्च न्यायालयातल्या ज्येष्ठ वकील. शांत बोलणाऱ्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. अशा माणसांची मला फार भीती वाटते. ओरडणारा परवडला!

संघाचं सभागृह खचाखच. जागोजागी पिवळे बिल्ले. गायधनी काकांना यायचं होतं, पण त्यांची चांदवडला तारीख होती, आणि स्वतःच्या कामाला पुढची तारीख मागणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. पेपरचा बातमीदार मात्र आला होता. चहा आणि बटाटेवडा घेऊन, माझा फोटो काढून तो लगेच गेलाही. मागच्या रांगेत कविता बसली होती. माझ्याकडे बघत नव्हती.

मी उठलो. घसा साफ केला. अध्यक्षा म्हणाल्या, "पगारे वकील, राज्यातले बाकीचे सगळे संघ सूट द्या म्हणताहेत. तुमचा एकट्यांचाच विरोध. कारण कळेल?"

"मॅडम, बाकीच्यांनी परिणामांचा विचार केलेला दिसत नाही."

"नागपूर, अकोला, जळगावच्या वकिलांनी तर उन्हाचं कारण दिलंय."

"उन्हाचं?" मी भामरेंकडे बघितलं. भामरेंनी खांदे उडवले. "मॅडम, उन्हाचं कारण देऊन सूट मागितली... मागितला? मग त्या लोकांना ऊन लागलेलं असणार!"

सभागृहात हशा आणि टाळ्या. अध्यक्षा हसल्या नाहीत. चष्मा किंचित खाली आला.

"पावसाळी तालुक्यांतूनही तशीच मागणी आहे. समजा सूट दिली, तर तुमचं नुकसान काय?"

'सूट दिली.' माझ्या कानाला खटकलं. मनात म्हटलं, एवढ्या मोठ्या बाई, पण मराठी मुंबईचं! असो. पण त्याहून मोठी गोष्ट माझ्या डोक्यात आत्ता शिरली.

"मॅडम, एक मिनिट. दिली तर म्हणजे? संस्था देणार आहे का?"

"मग दुसरं कोण देणार?"

"आणि त्याचे पैसे?"

"पैसे?" त्या जरा रागावल्याच. "पगारे वकील, सूट देण्याचे पैसे घेतात असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

माझ्या अंगातून वीज गेली. मी वळून भामरेंच्या कानात म्हटलं, "अध्यक्ष, फुकट देताहेत!"

भामरेंची कुजबूज म्हणजे तुमची माझी आरोळी. "फुकट? मंग लइ टाका ना!" म्हणजे, घेऊन टाका!

मी समितीकडे वळलो. छाती पुढे काढली. एका क्षणात सगळा लढा जिंकल्याचा भास झाला.

"मॅडम, असं असेल तर आमचा संघ मोठ्या मनानं ठराव मागे घ्यायला तयार आहे. फक्त दोन अटी. रंग काळाच असावा. आणि माप नाशिकमध्येच घ्यावं."



 

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कसलं माप?"

"सुटाचं, मॅडम."

"कसल्या सुटाचं?"

"कोट, पॅंट, वेस्टकोट..."

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. कविता उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग हळूहळू सगळं उजळत गेलं, जणू कुणीतरी पडदा ओढला.

"सर," ती म्हणाली, "तो सूट नाही. ती सूट."

कुणाला काही कळेना. ती पुढे बोलली, शाळेत समजावतात तशी. "कोट घालण्यातून सूट, सर. म्हणजे बाराही महिने कोट घालायची सक्ती नाही. मसुद्याच्या पहिल्याच ओळीत आहे."

मी काय मागितलं होतं ते आता माझ्या डोक्यात उतरू लागलं. वर्षभर कोटापासून सुटका देऊ करणाऱ्यांना मी अतितीव्र विरोध केला होता. बिल्ले छापले होते. दोन खेपा! काका का रडले ते कळलं. कविता चहा न घेता का गेली तेही कळलं. ते जास्त वाईट होतं.

पण मी वकील ना! बुडताना आम्ही आधी मुदत मागतो आणि मग हात मारतो. म्हटलं, "मॅडम, आतापर्यंत मी विरुद्ध बाजूचा संभाव्य युक्तिवाद समितीपुढे ठेवला. आता आमची मूळ बाजू..."

"आणि हा ठरावही विरुद्ध बाजूनंच पाठवलाय का?" अध्यक्षांनी कागद वर धरला. "सही तुमची दिसते."

"मॅडम, सही माझी आहे. मजकुराशी मी सहमत नाही."

"मसुदा वाचला होतात?"

"चाळला होता."

"किती?"

"मॅडम, तो... मोबाइलवर आला होता."

त्यांनी सभागृहाकडे बघितलं. "इथे मसुदा कुणी कुणी वाचलाय? हात वर करा."

कवितानं हात वर केला. भामरेंनी सवयीनं उचलला, मग इकडेतिकडे बघून त्याच हातानं डोकं खाजवलं. बाकी पिवळे बिल्ले भराभर कोटावरून उतरून खिशात जात होते. टिक टिक टिक, पिना उघडल्याचा आवाज ऐकू येत होता.

"बोला," अध्यक्षा कविताला म्हणाल्या.

आणि ती बोलली. भाषण नाही केलं. म्हणाली, "मॅडम, इगतपुरीत जूनमध्ये कोट भिजला की तो ऑक्टोबरपर्यंत ओलाच असतो. बाहेर वाळत नाही, घरात वाळत नाही. रात्री चुलीशी टांगला तर धुराचा वास येतो, तो घालून कोर्टात उभं राहावं लागतं. न्यायाधीश नाक दाबत नाहीत, पण खिडकीकडे बघतात. कॉलरला बुरशी धरते, मानेला पुरळ येतं. माझ्याबरोबरच्या एका मुलीनं ओल्या कोटापायी पावसाळ्यात कामं घेणंच बंद केलं. उन्हाळ्यात सवलत आहे, ती चांगलीच आहे. पण आमचा त्रास उन्हाळ्यात नाही, पावसाळ्यात आहे. पांढरा शर्ट आणि गळ्यातली पट्टी, एवढ्यानं वकील ओळखू येतो. बाकी काही मागत नाही आम्ही."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला वाटतं, त्या दिवशी आमच्या संघात पहिल्यांदा एखादी भूमिका सगळ्यांनी ऐकली.

अध्यक्षा म्हणाल्या, "नवीन ठराव आत्ता द्या. मी थांबते."

मी कागद ओढला. लिहायला लागलो, 'जिल्हा व तालुका न्यायालयांतील वकिलांना वर्षभर सू...'

"सर," कविता शेजारी येऊन म्हणाली, "तो शब्द नको. 'कोट घालणं ऐच्छिक राहील' असं लिहा."

मी तसंच लिहिलं. एकमतानं पास. समितीतल्या एका सदस्यांनी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "वेस्टकोटसुद्धा हवा होता का हो?"

बाहेर जिन्यावर मी कविताला गाठलं.

"कविता, चुकलं माझं. फार चुकलं. तुझं वर्षभराचं काम मी मोडीत काढलं असतं."

ती गंभीरपणे माझ्याकडे बघत राहिली. मग तिचे ओठ हलायला लागले. मग खांदे. आणि मग ती कठड्याला धरून अशी हसली की डोळ्यांतून पाणी.

"सर, तुम्हाला खरंच वाटलं, मला सुटाची हौस आहे? वेस्टकोट घालून मी इगतपुरीला बांधाची मोजणी करणार?"

मी चहा मागवला. ह्या वेळी तिनं घेतला.

उपाध्यक्षपदाला मी उभा राहिलो नाही. कविता राहिली, आणि निवडून आली. तिचा प्रचार भामरेंनी केला. माईकशिवाय.

पुढे नियम मंजूर झाला. कोट ऐच्छिक! ज्या दिवशी लागू झाला, त्या सकाळी मी पांढराशुभ्र शर्ट घातला, गळ्याला पट्टी लावली, आणि वाऱ्यावर तरंगत कोर्टात आलो. सगळं आवार पांढरं झालेलं. जो तो हात हलवून चालतोय, कुणी उगाचच वाकून बघतोय, काखेत काही घट्ट होत नाही म्हणून.

आणि फाटकाशी गायधनी काका उभे. गळ्यापर्यंत बटणं. हातात कागदात गुंडाळलेलं पुडकं.

सुनावणीत काय झालं ते काकांना कुणीच सांगितलं नव्हतं. पेपरात आलं नव्हतं, बातमीदार वडा खाऊन गेला होता ना! आणि काकांना दुखवायची छाती कुणाची?

"पगारे," काका म्हणाले, "कळलं मला. तुम्ही शेवटपर्यंत लढलात, पण बहुमतापुढे एकट्याचं काय चालणार? हे घ्या. माझ्या शिंप्याकडून शिवून घेतलाय. अंदाजानं माप दिलं."

काळा कोट. अस्तराचा, जाडजूड, नवाकोरा. काकांनी स्वतःच्या हातांनी तो माझ्या अंगावर चढवला, खांद्यावरून हात फिरवला आणि गहिवरून म्हणाले, "आता आपण दोघंच."

मी गळ्यापर्यंत बटणं लावून घेतली.

रोज सकाळी काका फाटकाशी माझी वाट बघतात. मागून कविता जाते, पांढऱ्या साडीत, झुळझुळत. थांबून हळूच म्हणते, "सर, सांगून टाका ना त्यांना."

"तू सांग."

"मी? ठराव तुमचा होता."

तर मंडळी, आजच्या घडीला अख्ख्या नाशिक कोर्टात बाराही महिने कोट घालणारे वकील फक्त दोन. एक गायधनी काका, त्यांच्याकडे तत्त्व आहे म्हणून. आणि दुसरा मी, माझ्याकडे हिंमत नाही म्हणून.